देखण्या कॉलेजांची तपासणी

२४ मार्च, शुक्रवार

पुढेमागे वाद झाला तर लेखी असलेलं बरं, म्हणून ही वही सुरू करतो आहे. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. छप्पर गळायला लागलं की सगळे म्हणतात, आम्हाला कुणी बोललंच नव्हतं.

विकाऊ घरं तपासणं हा माझा धंदा. घर घेणारा मला बोलावतो, मी तळघरापासून धुराड्यापर्यंत सगळं बघतो आणि विकणाऱ्याने काय लपवलंय ते लिहून देतो. लपवलेलं असतंच. सव्वीस वर्षांत एकही घर निर्दोष निघालं नाही. जाहिरातीत ‘देखणं’ असा शब्द असला तर मी आधी तळघरात उतरतो.

आता मुद्द्याची गोष्ट. माझी मुलगी ग्रेटा, वय अठरा, हिला तीन कॉलेजांनी घेतलं आहे. तिन्ही लांबची, तिन्ही ‘अमेरिकेतली सर्वांत देखणी कॉलेजं’ या यादीतली. ही यादी कुठल्याशा मासिकातून फाडून तिने दोन वर्षं खोलीच्या दारावर टाचून ठेवली आहे. तिघांनीही भरघोस स्कॉलरशिप देऊ केली आहे, आणि तेच मला खटकतं. माल चांगला असेल तर इतकी मनधरणी कशाला? १ मेपर्यंत एकाला होकार कळवायचा. नाहीतर आमच्या जिल्ह्याचं कॉलेज वीस मिनिटांवर आहे, घरून जाऊन-येऊन करता येतं. मी आग्रह करत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

संध्याकाळी अग्निशामक दलाच्या फायर हॉलमध्ये तळलेले मासे खायला गेलो. लेंटमधले, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासातले, सगळे शुक्रवार अख्खं गाव तिथेच असतं. माझी थोरली बहीण पॅट बटाट्याचे कानवले, पिएरोगी, वाढायला उभी होती. तिच्या तोंडाला कुलूप कधी नसतंच.

“काय रे डेनी, उद्यापासून निघालात म्हणे? पोरीला कॉलेजात घालतोयस की कॉलेज विकत घेतोयस?”

“बघून घेतलेलं बरं.”

“लोरेनलाही बघूनच घेतलं होतंस की!”

सगळी रांग हसली. लोरेन म्हणजे माझी बायको. सहा वर्षांपूर्वी टक्सनला मैत्रिणीकडे आठवडाभर जाते म्हणून गेली आणि तिकडचीच झाली. मी पण हसलो, न हसून सांगतो कुणाला.

हॉलमध्ये तेलाचा धूर डोळ्यांत जात होता, पण ग्रेटाला काही झालं नाही. घरी येऊन झोपायला गेल्यावर मात्र तिला दोनदा पंप घ्यावा लागला. दमा सातव्या वर्षापासून आहे. म्हणजे तेल तिला उशिरा बाधतं.

२५ मार्च, शनिवार

पेनरिथ कॉलेज, ओहायो. गाडीने अडीच तास.

आम्हा वीस-पंचवीस आईबापांना फिरवायला एक मुलगी दिली होती. ती पूर्ण वेळ आमच्याकडे तोंड करून उलटी चालत होती. ही सगळीकडचीच पद्धत आहे म्हणे. म्हणजे बोलणाऱ्याला रस्ता दिसत नाही आणि ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नाही. ज्याने ही पद्धत शोधून काढली त्याने आधी नक्की घरं विकली असणार.

मधल्या चौकात पितळी बोधचिन्ह आहे. “यावर पाय दिला तर चार वर्षांत पदवी मिळत नाही,” असं मुलगी म्हणाली, आणि सगळे आईबाप शहाण्यासारखे वळसा घालून गेले. मी मुद्दाम त्यावर जाऊन उभा राहिलो. एक कडा हलत होती. वळसा का घालायला लावतात ते समजलं.

इतर नोंदी: हिरवळ खोटी. म्हणजे गवत खरं आहे, पण आठवड्यापूर्वी सतरंजीसारखं अंथरलेलं, सांधे दिसतात. बुटाने दाबलं की पाणी वर येतं. प्रार्थनामंदिराच्या भिंतीवरची वेल एका जागी तारेने बांधली आहे. ती बाजूला केली तर आत बोट जाईल एवढी भेग.

“डॅड, लोक बघतायत.”

“बघू देत. त्यांचीही मुलं इथेच यायची आहेत.”

“वेल सोड. प्लीज. तुटली.”

वेल आधीपासूनच तुटायला आलेली होती.

परतताना ग्रेटा म्हणाली, पेनरिथ नको, फार शहराच्या तोंडाशी आहे. तिला भेगेचं काही वाटलं नाही, पण निकाल बरोबर आला. घरी पोचून मी रीतसर अहवाल टाइप करून तिच्या टेबलावर ठेवला. ती लहानपणापासून माझे अहवाल वाचते. इतर मुलं परीकथा वाचायची तेव्हा ही ‘पन्हळी व सांडपाणी’ वाचायची.

२९ मार्च, बुधवार

घरात काहीतरी शिजतंय.

मी आत आलो की ग्रेटाचं फोनवरचं बोलणं बंद होतं. काल विचारलं तर म्हणाली पॅटआत्या होती. पॅटशी कुजबुजायचं काय कारण? पॅटला कुजबुजता येत नाही.

आज तिच्या पुस्तकातून एक कागद पडला. मी उचलला, वाचायचा म्हणून नाही, उचलताना वाचला गेला. तिच्या अक्षरात: ‘मंगळ – पॅटआत्या. गुरु – बोलिंग, साडेसात. शनि – ? रवि – मी फोन.’ त्याखाली: ‘भट्टीची जाळी महिन्याला बदलणे. गोळ्या – नाश्त्यानंतर, विसरू देऊ नये.’

मी यावर बराच विचार केला. हे कुणाच्या तरी आठवड्याचं वेळापत्रक आहे. मी ते चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायचं बोलिंग खेळत नाही, म्हणजे खेळणारा कुणी पोरगा आहे. आमच्या घर तापवायच्या भट्टीची जाळी कधी बदलायची हे त्याला कशाला हवं? आणि गोळ्या कसल्या? मी स्वतः रक्तदाबाची गोळी घेतो, त्यामुळे गोळ्या म्हटल्याबरोबर वाईट मनात आणणारा मी नव्हे. पण डोळे उघडे ठेवायला हवेत.

पोरगा या तीनपैकी कुठल्या कॉलेजात आहे ते शोधायचं.

१ एप्रिल, शनिवार

थॉर्नलेक. न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला, तळ्याकाठी. यादीत सहावं. धुक्यात तळं असं काही दिसत होतं की एक बाई रडलीच. तिचा मुलगा तिला ‘मॉम, पुरे’ म्हणत होता.

मी तळ्याकडे पाठ करून वसतिगृह बघितलं. दुसऱ्या मजल्यावरचं आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार आतून सायकलींनी बंद. त्यांची साखळी गंजली आहे, म्हणजे कालपरवाची गोष्ट नाही. तिथल्या अधिकाऱ्याला दाखवलं तर म्हणाला, “सर, मुलं तळ्यावर इतकी खूश असतात की...” वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. मी लिहून घेतलं.

ग्रेटाने अहवाल वाचून एका शब्दानेही वाद घातला नाही. “सायकलींचं खरं आहे, मी पण पाहिलं. थॉर्नलेक कट.” मला बरं वाटलं. ही पोरगी माझं ऐकते असं नाही, पण लिहिलेलं मानते. कारण तिला माहीत आहे, मी नसलेलं लिहीत नाही.

एक राहिलं. व्हरमाँटमधलं ऑल्डरमिअर. पोरगा तिथलाच असणार.

६ एप्रिल, गुरुवार

पराग सुरू झाले. ग्रेटाला पहाटे खोकल्याची उबळ आली, तासभर बसून होती. पॅट म्हणते, खोलीत बुरशीचा वास येतो. मला तर काही येत नाही, आणि माझं नाक म्हणजे माझं पोट भरायचं साधन आहे. पॅट म्हणते तो निळ्या चिमण्यांचा वॉलपेपर काढून टाक. तो लोरेनने लावला आहे, पोरगी सहा वर्षांची असताना, तीन दिवस शिडीवर उभं राहून. चांगला आहे. त्याला हात लावायचं कारण नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार

ऑल्डरमिअर. साडेनऊ तास गाडी चालवली. पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं.

यादीत तिसरं. पहिल्या दोनांत काय असेल कोण जाणे. टेकडीवर करड्या दगडाच्या आठ इमारती, मधे उतरती हिरवळ, तिच्यावर अजून कुठे कुठे बर्फ. हिरवळीचे सांधे शोधले. सापडले नाहीत. गवतात डँडेलियनची रानफुलंही होती, कुणी उपटली नव्हती.

ग्रेटा गाडीतून उतरली आणि फोन खिशातच ठेवून बघत उभी राहिली. एरवी ती लगेच फोटो काढते.

आज निवड झालेल्या मुलांना एक रात्र वसतिगृहात तिथल्या मुलांच्या खोलीत झोपवायची पद्धत आहे. ग्रेटाला तळमजल्यावरची खोली दिली. तळमजला, दगडी इमारत, डोंगराच्या पोटात! मी पंप दोनदा तपासून दिला आणि खानावळीच्या वरच्या खोलीत येऊन बसलो आहे. मुद्दाम करतात हे. चांगल्या खोल्या दाखवायला ठेवतात आणि मुलांना तळघरात कोंबतात. सकाळी बघतो.

१५ एप्रिल, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

सातला वसतिगृहाच्या मागच्या बाजूला गेलो. माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं, ते कोटाच्या खिशात मावतं. पन्हळी बघत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

“काही हरवलंय का?”

साठीचा माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा. नाव एमरी. एकतीस वर्षं तिथल्या इमारतींची देखभाल करतो. मी म्हटलं, मी घरं तपासतो, माझी मुलगी इथे आली आहे. मला वाटलं आता हाकलणार.

“मग बाहेरून काय बघताय? या.”

आणि त्याने मला सगळं दाखवलं. बॉयलर. पायाचा निचरा. माळ्यावरचे वासे, एकोणीसशे अकराचे, त्यांवर हात फिरवला तर कुसळ लागत नव्हतं. छपरावर पाटीचा दगड, पन्हळी तांब्याच्या, जोड हाताने केलेले. एका जागी त्याने स्वतः दुरुस्ती केली होती. ती कुठे आहे ते त्याने सांगेपर्यंत मला दिसली नाही. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“काहीतरी असेलच,” मी म्हटलं.

एमरीने विचार केला. “तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उन्हाळ्यात अडते,” तो म्हणाला.

शेवटी तळमजल्याची ती खोली. मुली नाश्त्याला गेल्या होत्या. पूर्वेच्या भिंतीला यंत्र लावलं. नऊ टक्के. वर लावलं, खाली लावलं, पलंगामागे लावलं. नऊ, आठ, नऊ. डोंगराच्या पोटातली दगडी भिंत आमच्या ओव्हनइतकी कोरडी. मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता, पण मी यंत्र झटकून परत लावलं.

एमरी दारात उभा होता. “बॅटरी नवी आहे का?” त्याने विचारलं. चेष्टा करत होता की काय ते तिकडच्या लोकांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

ग्रेटा नाश्त्याहून धावतच आली. गाल लाल. “डॅड, रात्रभर पंप लागला नाही! एकदाही नाही!” मी म्हटलं, नवी जागा, दमली असशील, गाढ झोप लागली. मग तिने मला लायब्ररी दाखवली, टेकडीमागचं सफरचंदांचं बन दाखवलं, मातीचा अभ्यास करतात ती प्रयोगशाळा दाखवली. तिला तेच शिकायचं आहे, माती आणि पाणी. ती म्हणत होती, “आमच्या लायब्ररीत”, “आमच्या टेकडीवर”. एका रात्रीत आमच्या!

कुणी पोरगा दिसला नाही. मी दिवसभर लक्ष ठेवून होतो. ती ज्याच्या-त्याच्याशी सारखीच हसून बोलत होती, एमरीशी सुद्धा.

परतीच्या वाटेवर तिला झोप लागली, एकदाही खोकली नाही. साडेनऊ तास मी त्या जागेतली खोट शोधत होतो. इतकी चांगली जागा असूच शकत नाही.

१६ एप्रिल, रविवार

अहवाल लिहिला.

‘तळमजल्याची खोली, पूर्व भिंत: पृष्ठभागाखाली ओल. दम्याच्या माणसाने राहू नये.’

लिहून टेबलावर ठेवला आणि गॅरेज झाडायला गेलो. गॅरेज स्वच्छच होतं.

दगडी भिंत आज कोरडी असली तरी दहा वर्षांनी ओलावणार नाही असं कुणी सांगावं? मी काही अगदीच खोटं लिहिलेलं नाही.

१९ एप्रिल, बुधवार

ग्रेटाने तीन दिवसांनी विषय काढला. मी भांडी घासत होतो.

“किती आला?”

“काय किती?”

“आकडा. तू नेहमी आकडा लिहितोस.”

“जास्त.”

तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल किंवा भांडेल. लोरेन असती तर ताटली फुटली असती.

“बरं,” ती म्हणाली. मग तिने टॉवेल घेतला आणि माझ्या शेजारी उभी राहून भांडी पुसली. “जिल्ह्याच्या कॉलेजातही मातीचा एक कोर्स आहे. मी आणि तू संध्याकाळी घरीच असू. काय वाईट आहे?”

काहीच वाईट नाही. मी उद्याला तिच्या आवडीचा कोबीचा रोल करायचं ठरवलं.

यादी दारावरून काढली आहे. तिथे चार टाचण्यांची भोकं आहेत.

२० एप्रिल, गुरुवार

रोल चांगले झाले होते. तिने एकच खाल्ला. खूप हसत होती, शाळेतल्या गमती सांगत होती. इतकं हसायचं कारण काय असेल?

२५ एप्रिल, मंगळवार

आज एका तरुण जोडप्यासाठी घर बघितलं. बाई सात महिन्यांची गरोदर. घर देखणं होतं, नुकतंच रंगवलेलं. वरच्या छोट्या खोलीत ती म्हणाली, “पाळणा इथे ठेवायचा.” भिंतीला यंत्र लावलं, चोवीस आलं. मी सांगितलं.

नवरा म्हणाला, “म्हणजे फार वाईट? एजंट म्हणतो, इथे सगळ्यांच्याच घरात एवढं असतं.”

बाईने त्याला थांबवलं आणि मला विचारलं, “तुम्ही तुमच्या मुलीला झोपवलं असतंत का इथे?”

मी म्हटलं, “नाही.”

बस, एवढ्यावर त्यांनी ते घर सोडलं. बाईने माझा हात धरून आभार मानले. एका परक्या माणसाच्या एका शब्दावर. गाडीत बसल्यावर आधी चुकून घराची किल्ली लावली. उन्हामुळे असेल.

२८ एप्रिल, शुक्रवार

पॅट सूप घेऊन आली. ग्रेटा आइसक्रीमच्या दुकानात कामाला गेली होती. पॅटने भांडं ठेवलं, कोट काढला नाही. ही लक्षणं मी ओळखतो.

“डेनी, एक विचारू? खरं सांगशील?”

“तुला खोटं सांगून कोण जिवंत राहिलंय?”

“त्या ऑल्डरमिअरच्या भिंतीत ओल होती?”

“अहवालात लिहिलंय.”

“मी अहवाल विचारला नाही. भिंत विचारली.”

मी सूप हलवत राहिलो. मग ती बसली, आणि पॅट बसली की प्रकरण गंभीर असतं. म्हणाली, “दोन महिने ती पोरगी माझं डोकं खातेय. डॅडला मंगळवारी जेवायला बोलव. गुरुवारी बोलिंगच्या टीममध्ये घाल, मी कोचाशी बोलले आहे. त्याची गोळी राहून जाते, फोन करून आठवण कर. शनिवारचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. शनिवारसाठी रडली रे ती माझ्यापाशी. आणि परवा येऊन म्हणते, आत्या, आता काही करू नकोस, मी जात नाही, त्याला जमणार नाही एकट्याला.”

म्हणजे तो कागद. तो पोरगा मी होतो.

मी इतका मूर्ख आहे हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी लेखी मागितलं असतं. पॅट गेल्यावर सूप तसंच फ्रिजमध्ये ठेवलं.

३० एप्रिल, रविवार

चर्चहून आलो. कोट न काढताच मी म्हटलं, “ग्रेटा, भिंत कोरडी होती. नऊ टक्के.”

ती शूजच्या नाड्या सोडत होती. तिने वर बघितलं नाही.

“माहीत आहे.”

“कसं माहीत?”

“मी झोपले होते तिथे डॅड. छाती माझी आहे.” मग नाडी सोडून ती सरळ बसली. “तू कधीच नसलेलं लिहीत नाहीस. जन्मात नाही. आणि माझ्यासाठी लिहिलंस. म्हणजे तुला किती... मला वाटलं, तुला एवढं हवं असेल तर मी राहीन.”

मी तिला सांगणार होतो की मी एकटा मजेत राहीन, पण एका महिन्यात दोन खोटी नकोत. म्हटलं, “मला भीती वाटते. या घरात संध्याकाळी एकटं बसायची. बास, एवढंच आहे. त्यासाठी तू थांबायचं नाहीस.”

ती रडली. मीही रडलो. नोंद करायची म्हणून करतो.

मग नाक पुसत ती सहज म्हणाली, “खरं सांगू? तशी झोप मला इथे कधीच लागली नाही. मला वाटायचं, सगळेच रात्री असे उठून बसतात.”

ती हे बोलून स्वयंपाकघरात गेली. मी मनात मोजायला लागलो. फायर हॉलमध्ये खोकली नाही. साडेनऊ तास गाडीत खोकली नाही. तळमजल्यावर खोकली नाही. हे सगळं माझ्याच हाताने याच वहीत लिहिलेलं आहे, मी आता मागची पानं उलटून बघितली.

यंत्र घेऊन तिच्या खोलीत गेलो. या घरात ते यंत्र मी कधी उघडलंच नव्हतं. उत्तरेची भिंत, तिच्या उशीमागे: अठ्ठावीस. छताजवळ: चौतीस.

वॉलपेपर कोपऱ्यातून ओढला. एका ओढीत हातभर निघून आला. मागे भिंत काळी होती. नखाने खरवडली तर प्लास्टर ओल्या पावासारखं हातात आलं. बाहेर जाऊन बघितलं: लायलॅकच्या झुडपामागे पन्हळीचा नळ जोडातून सुटलेला, पावसाचं सगळं पाणी त्या भिंतीत. किती वर्षं? त्या पाण्यावर पोसलेल्या झुडपाच्या बुंध्याच्या जाडीवरून अकरा-बारा. पोरीला दमा सुरू झाला त्याला अकरा वर्षं झाली.

पेनरिथला लोकांच्या भिंतीवरची वेल मी उचलून बघितली होती. सहाशे मैल जाऊन परक्यांच्या दगडाला यंत्र लावलं होतं. पॅटने सांगितलं तेव्हा तिला नाकाच्या गोष्टी ऐकवल्या. मला माझी इतकी लाज वाटते आहे की ती कुठे ठेवावी कळत नाही.

ग्रेटा दारात येऊन उभी राहिली. भिंतीकडे, माझ्या हातातल्या चिमण्यांच्या पट्टीकडे बघत राहिली.

“मॉमने लावलेला,” ती म्हणाली.

“मॉमची चूक नाही. नळ माझा होता.”

१ मे, सोमवार

सकाळी आमच्या घराचा अहवाल लिहिला. सगळे आकडे घातले. शेवटी: ‘उत्तरेची खोली राहण्यास अयोग्य. तेथे झोपणाऱ्याने ताबडतोब दुसरीकडे जावे.’ सही करून तिच्यासमोर ठेवला.

तिने पूर्ण वाचला, मधे एकदा परत मागे जाऊन वाचला.

“आणि बाकीचं घर?”

“बाकीचं ठीक आहे. भिंत उघडावी लागेल, महिनाभर काम आहे. शनिवारी-शनिवारी करीन.”

“शनिवारी,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मनापासून हसली. मग म्हणाली, “एवढं सगळं मला घालवायला लिहिलंस?”

“यात एक अक्षर खोटं नाही. हवं तर यंत्र लावून बघ.”

“नको. तुझी सही आहे.”

दुपारी तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि ऑल्डरमिअरला होकार कळवला. मी बाजूला उभा होतो. एका बटणाचं काम, मला वाटलं होतं काहीतरी जास्त असेल. पॅटला फोन केला तर ती इतक्या मोठ्याने ओरडली की ग्रेटाने फोन हातभर लांब धरला. बोलिंगचे बूट किती नंबरचे लागतात असं तिने मला विचारलं. अकरा.

ग्रेटाचं अंथरूण खालच्या खोलीत आणलं आहे, घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आहेत. जेवणानंतर ती कोचावर आडवी झाली आणि तिला झोप लागली. मी शेजारच्या खोलीत ही वही घेऊन बसलो आहे. दीड तास झाला. पडदे हलतात तेवढाच आवाज. मी दोनदा उठून दारातून बघून आलो. छाती सावकाश वर-खाली होते आहे, पंप टेबलावर तसाच पडला आहे. घर इतकं शांत मी आजवर ऐकलं नव्हतं. सप्टेंबरपासून हे असंच असणार आहे, आणि तिकडे ती अशीच झोपलेली असणार आहे. पाच वाजले की तिला उठवीन.